रंग वाळेपर्यंत

"मैं पापी हूँ, भाइयो, मैंने अपने बाप को घर से निकाला," दादा ओरडत होता, आणि देवासच्या आमच्या चर्चमधले पंखे, शपथेवर सांगतो, दचकून उलटे फिरायला लागले होते. टेकरीवरची माकडं म्हणे देवळामागे जाऊन दडली. उपदेशाच्या पुलपीटची कड दोन्ही हातांनी धरून माझा थोरला भाऊ रडत होता. रडणं तरी केवढं? टोंकखुर्दच्या सोयाबीनला त्यात एक पाणी सहज निघालं असतं.

तो घराबाहेर काढलेला बाप माझ्याच शेजारी बाकावर बसला होता. कानातलं यंत्र बोटानं दाबून, मान पुढे काढून, बाबा एकेक शब्द ऐकत होते.

"काय म्हणाला?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हाला बाहेर काढलं म्हणतोय. हाताला धरून. भर पावसात, अनवाणी."

बाबांनी जरा आठवून पाहिलं. "पाऊस कुठे होता?"

पाऊस नव्हताच. चांगला रणरणता उन्हाळा होता. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा दादानं आमच्या धारच्या घराचं रंगकाम काढलं. म्हणाला, "बाबा, वासानं तुम्हाला खोकला होईल. रंग वाळेपर्यंत देवासला धाकट्याकडे राहा." वहिनीनं थर्मासमध्ये चहा भरून दिला, पाठीला उशी दिली, गाडीचं दार दादानं स्वतः लावलं. इतक्या अदबीनं बापाला घराबाहेर उभ्या माळव्यात कुणी काढलं नसेल. तो रंग अजून वाळतोय. मधे किती पावसाळे गेले, शेजारपाजारची घरं रंगून, उडून, पुन्हा रंगली, पण आमच्या घराचा रंग काही वाळत नाही.

बाबांना धारला परत जायचंय, एवढंच त्यांचं मागणं. माझ्याकडे त्यांना काही कमी आहे असं नाही. माझी बायको त्यांना माझ्याआधी वाढते. पण आई धारच्या कबरस्तानात आहे, आणि संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसायची त्यांना सवय होती. मी म्हटलं, मी नेऊन आणतो. तर म्हणाले, "पाहुणा म्हणून जायचं नाही मला. ज्यानं पाठवलं त्यानं न्यावं."

आणि पाठवणाऱ्यानं पश्चात्ताप केला. इंदूरच्या कुठल्याशा मोठ्या सभेत उपदेशक म्हणाले, मन फिराओ, आणि दादा सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन गुडघ्यांवर पडला. तेव्हापासून तो साक्ष देत हिंडतो. नेमावरला कुणाच्या घरच्या प्रार्थनासभेत त्यानं सांगितलं की तो बापाला टाकून बोलला. पुढच्या गावी तो हात धरून ओढण्यापर्यंत आला. पाऊस त्याच्याही पुढे कुठेतरी सुरू झाला, आणि चपला मला वाटतं परवा परवा गेल्या. थापा मारणं हा आमच्या घरात माझा प्रांत. नदीतून म्हशीएवढा मासा ओढल्याची गोष्ट मी या चर्चच्या अर्ध्या मंडळीला पचवलेली आहे. पण दादाची साक्ष ऐकून मीसुद्धा मनातल्या मनात टोपी काढली. त्यातली हुशारी मला फार उशिरा कळली. न केलेलं मोठं पाप कबूल करायला काहीच लागत नाही. ते फेडायचं कुठे? केलेलं लहानसं पाप मात्र गाडी काढून फेडावं लागतं.

आमचे आजोबा अहमदनगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून धारला आले, त्यामुळे चर्चची भाषा हिंदी असली तरी घरची प्रार्थना आजही मराठीत होते. मराठीतला शब्द पश्चात्ताप. बाबा म्हणायचे, "आपल्या शब्दात ताप आहे, तो नुसता होऊन जातो. हिंदीवाल्यांचं मन फिराओ बरं. मन फिरलं की माणसानंही फिरावं. धारहून इंदूर, इंदूरहून देवास. रस्ता डांबरी आहे."

त्या रविवारच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता. इतकी गावं झाली, आता तुमच्यासमोर साक्ष देणार, असं म्हणून तो फोनवरही रडला होता. म्हणून सकाळीच बाबांनी पिशवी भरली. मफलर, पवित्र शास्त्र, दाढीचं सामान, आईचा फोटो. पिशवी त्यांनी चर्चमध्येही पायाशीच ठेवली. मलाही वाटत होतं की आज नेईल.

उपासना सुटल्यावर दादाभोवती गर्दी झाली. "क्या गवाही दी भिया, कलेजा हिल गया," असं एकजण म्हणाला आणि दादा मान खाली घालून ते घेत होता. बाबा गर्दीतून वाट काढत त्याच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. दादा आला तेव्हा म्हणाले, "चल."

"कुठे, बाबा?"

"घरी. वाळला असेल आता रंग."

दादानं पिशवीकडे पाहिलं. आम्हा दोघांचं शिक्षण हिंदीत झालं. त्यात दादाचं मराठी स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर कधी पडलंच नाही. तो हात जोडून म्हणाला, "बाबा, मी चेष्टा करीन. पूरी चेष्टा करीन."

बाबांचा चेहरा असा झाला की मी धावून मधे पडलो. "बाबा, ती थट्टा नव्हे. हिंदीतली चेष्टा. प्रयत्न करीन म्हणतोय तो."

"कळलं मला," बाबा म्हणाले. "आपल्यातली असती तरी चाललं असतं. गाडी ही उभी आहे, मी हा उभा आहे. प्रयत्न कशाचा करायचा राहिलाय?"

दादा तिथंच त्यांच्या पायांवर कोसळला. खोटं रडत नव्हता, हे मी थापाड्या माणूस छातीठोक सांगतो. खरी आसवं होती, बाबांच्या चपला भिजल्या. कुणीतरी मोबाइलवर ते टिपून घेतलं. मग त्यानं डोळे पुसले, हाटपिपल्याला दुपारची सभा आहे म्हणाला, आणि गाडी आमच्या दोघांच्या मधून काढून निघून गेला. पुढच्या साक्षीत पायांवर पडणंही येणार, हे तेव्हाच दिसलं. त्या माणसाला आता देवही काही सांगू शकत नाही. सांगायला जावं तर तो आधीच रडत असतो. माझ्या थापांचं एक बरं आहे, त्यांना कुणी आमेन म्हणत नाही.

घरी येऊन बाबांनी पिशवी रिकामी करायला घेतली. फोटो खिडकीत ठेवला, दाढीचं सामान मोरीत. मला ते बघवेना. म्हटलं, "राहू द्या तशीच. उद्या मी नेतो तुम्हाला, राहायलाच. दार उघडेपर्यंत दोघे ओट्यावर बसू. सगळ्या गल्लीला दिसू दे."

"माझी खोली भाड्यानं दिलीय त्यानं," बाबा म्हणाले. "कॉलेजची पोरं राहतात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मोठ्या सुनेनं. नाताळात फोनवर बोलून गेली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग पिशवी कशाला भरलीत?"

बाबांनी मफलरची घडी घातली आणि कपाटात ठेवली.

"या वेळी खरं वाटलं," ते म्हणाले.