बार हटवणारे मन्मथअप्पा

कुठल्याही बैठकीला मन्मथअप्पा आले, की बसायच्या आधी हात वर करत. "पहिलं माझा इरोध लिहून घ्या. मंग इषय काय हाय ते सांगा." लोक हसत, अप्पा हसत नसत. विषय डीजेचा असो, बागेतल्या बाकांचा असो की नळाच्या वेळेचा, त्यांचं म्हणणं एकच असे, "पूर्वी हे नव्हतं." एकदा मी म्हणालो, "अप्पा, पूर्वी नळही नव्हता." ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर नळावर भांडणं नव्हती."

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात अप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि समोर माझं वह्या-पुस्तकांचं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, पांढरंशुभ्र धोतर आणि हातात भला मोठा मोबाइल. त्यावरून ते पहाटेपासून अख्ख्या गावाला संस्कार पाठवत. बिनबाह्यांचा कपडा दुकानात ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. कुणी मागितलाच तर म्हणत, "ते लातूरला मिळतंय. इथं इज्जत मिळती." आतून त्यांच्या पत्नी गिरजाकाकू ओरडत, "मंग इज्जतच द्या की दोन मीटर फाडून!"

पण माणूस खोटा नव्हता. माझी बायको नांदेडला दवाखान्यात होती तेव्हा माझं दुकान अप्पांनीच चालवलं. परत आलो तर कळलं, वही घ्यायला आलेल्या प्रत्येक पोराला आधी शुद्धलेखनाची एक ओळ लिहायला लावत होते. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं, पण अक्षर सुधारलं होतं.

मग मुलींच्या शाळेच्या वाटेवर सुभाषशेटचा बार उघडला. संध्याकाळच्या तासाला जाणाऱ्या मुली लांबच्या रस्त्यानं जाऊ लागल्या, आणि नववीतल्या दोघींची तर घरच्यांनी शाळाच बंद केली. अप्पांनी अर्ज केले, निवेदनं दिली. काही होईना तेव्हा त्यांनी बारच्या समोर रस्त्यापलीकडे खुर्ची टाकली. रोज संध्याकाळी ते तिथं बसत आणि आत शिरणाऱ्याला मोठ्यानं हाक मारत, "या देशमुख! वडील बरे हायेत ना? सांगू का त्यांला, पोरगं इथं हाय म्हणून?" महिनाभरात बारचं गिऱ्हाईक आटलं. बाहेरगावचे ट्रकवाले तेवढे राहिले, कारण त्यांचे वडील अप्पांच्या ओळखीचे नव्हते.

त्या खुर्चीनं अप्पा मोठे झाले आणि तिथंच घात झाला. नगराध्यक्षाची निवडणूक आली. अप्पांच्याच पक्षाकडं तिकीट मागणाऱ्यांत पहिलं नाव खुद्द सुभाषशेटचं. जिल्ह्याच्या नेत्यांनी वाईटपणा नको म्हणून सांगून टाकलं, तुमच्या गावातल्या सभासदांनीच मत टाकून उमेदवार ठरवा. सभासद बहुतेक जुन्या वळणाचे, देवळात भेटणारे, बारचं नाव काढलं की थुंकणारे. सुभाषशेटला कोण विचारतो?

अप्पा उभे राहिले. दुसऱ्या दिवशी प्रवचन करणारे देशपांडे गुरुजी उभे राहिले. अप्पा बार गावाबाहेर काढणार होते, तर गुरुजी तालुक्याबाहेर. तिसऱ्या दिवशी देवस्थान समितीचा बंडू पाटील उठला. त्याला बार जागेवरच फोडायचा होता. "बार हटाव" नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप एक होता, त्याचे तीन झाले, आणि तिन्हींवर बारबद्दल अवाक्षर नाही. गुरुजींचा मुलगा पुण्यात अंडी खातो, बंडूच्या लग्नात डीजे होता, अप्पांच्या नातीनं केस कापले, असले पुरावे मात्र फोटोसकट येत. खरा संस्कारी कोण, याचा निकाल लागेपर्यंत बारच्या विषयाला सुट्टी होती.

मी तिघांना महादेवाच्या देवळात एकत्र बसवलं. म्हणालो, "दोघांनी माघार घ्या. एक राहिला तर शेटचं डिपॉझिटही वाचत नाही."

"शंभर टक्के बरोबर," गुरुजी म्हणाले. "दोघांनी घ्यायलाच पाहिजे."

"घ्यायलाच पाहिजे," बंडू म्हणाला.

"माझा इरोध न्हाई," अप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा कशाला विरोध नव्हता. मग तिघंही, उरलेले दोघं कधी उठतात याची वाट बघत बसले. शेवटी पुजाऱ्यानं दार लावायचं म्हणून आम्हा चौघांनाच उठवलं.

घरी गिरजाकाकूंनी विचारलं, "तुमाला बार हलवायचा हाय का खुर्ची मिळवायची हाय?"

"खुर्ची असल्याशिवाय बार हलत न्हाई."

"लाकडाच्या खुर्चीनं तर हलत होता," काकू म्हणाल्या आणि ताट वाढायला घेतलं. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मंगल कार्यालयात मतदान झालं. सुभाषशेटनं प्रचारात एक शब्द वाईट काढला नव्हता. तिघांच्याही पाया पडून "आशीर्वाद असू द्या" म्हणत होता, आणि आशीर्वाद खरोखरच तिघांचाच लागला. तिघांची मतं मिळवली तर शेटच्या दुपटीहून जास्त होती. एकेकाची त्याच्याहून कमी. तिकीट शेटला मिळालं. अप्पा, गुरुजी आणि बंडू एकमेकांकडे बोट दाखवत बाहेर आले. त्या एका गोष्टीत तिघंही बरोबर होते.

खरी गंमत पुढं. पक्षाचा आदेश आला आणि अप्पा हात जोडून सुभाषशेटच्या प्रचाराला निघाले. शाळा बंद झालेल्या त्या दोन पोरींपैकी एकीच्या आईनं दारातच विचारलं, "अप्पा, तुमी तर बार काढायला निघाले होते. आता बारवाल्यासाठी मतं मागून राहिले का?"

"काढायचाच हाय," अप्पा म्हणाले. "आधी त्याला निवडून आणू, मंग काढू."

"आन माझ्या पोरीची शाळा?"

अप्पांनी पत्रक तिच्या हातात दिलं नाही. घडी करून खिशात ठेवलं आणि पुढच्या घराकडं न जाता दुकानावर आले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पक्ष म्हणजे पक्ष.

सुभाषशेट निवडून आला. बारला वरचा मजला चढला, त्यावर फॅमिली सेक्शनची पाटी लागली. अप्पांची खुर्ची पुन्हा रस्त्यावर आली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आपल्याच पक्षाचा माणूस हाय. उघड्यावर कसं बोलावं?" बैठकांनाही ते जाईनात. गेले तर कोपऱ्यात बसत आणि हात वर करत नसत. मला त्यांचा विरोध कधीच पटला नव्हता; तो नसलेला मात्र बघवेना.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावर न्यायच्या मखरात, बसवून त्यांची यात्रा निघाली. पुढं गुरुजी, मागं बंडू पाटील. यात्रा शाळेच्या वाटेला लागली तेव्हा नगराध्यक्ष सुभाषशेट बारच्या पायरीवर हात जोडून उभा होता. त्यानं खूण केली आणि बारचं शटर खाली आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं वाटलं नाही.

आम्ही वळणावर पोचलो, तेवढ्यात मागं शटर वर गेल्याचा आवाज आला. खांदा बदलायला माणूस पाहिजे म्हणून मी वळून पाहिलं. यात्रेतली माणसं बरीच कमी झाली होती.