पत्ता बदलण्याचा मुहूर्त

जगातली माणसं आधी घर बदलतात आणि मग आठवेल तसा पत्ता बदलतात. आमचे थोरले साडू हे माझ्या पाहण्यातले एकमेव गृहस्थ, ज्यांनी स्वतःचं नवंकोरं घर बांधून तयार असताना केवळ टपालाची घडी नीट बसावी म्हणून अख्खा उन्हाळा भाड्याच्या दोन खोल्यांत काढला. मी तसा कमी बोलणारा. लोक त्याला सज्जनपणा समजतात. खरं म्हणजे तोंड उघडलं की काहीतरी अंगावर येईल, ही भीती. पण या साडूंच्या बाबतीत मी जे करून बसलो आहे ते आता पोटात ठरत नाही, आणि ते सांगायचं तर आधी माणूस सांगायला हवा.

साडू हे नातं खरं तर फार खोलात जायचं नव्हे. लग्नकार्यात शेजारी बसावं, एकमेकांच्या देखत सासऱ्याची स्तुती करावी, एवढ्यावर भागतं. पण आम्ही दोघंही खामगावातच, मी शाळेत मास्तर आणि ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, त्यामुळे टाळायची सोय नव्हती. मी त्यांना भाऊजी म्हणतो, ते मला मास्तर. आणि पत्ता ही भाऊजींच्या लेखी देव्हाऱ्यातल्या देवांच्या खालोखालची गोष्ट. कुणी सहज विचारलं, कुठं राहता, तर ते तुमच्या-आमच्यासारखं "इथंच, टाकीच्या मागं" म्हणत नाहीत. घसा साफ करतात आणि नावापासून सुरू होतात. मग घर क्रमांक, मालकाचं नाव, गल्ली, वॉर्ड, तालुका, जिल्हा, आणि पिन कोडाच्या दर आकड्याला एकेक बोट मिटत जातात. एकदा जलंबच्या फलाटावर एका प्रवाशानं असंच विचारलं. पत्ता तालुक्यापर्यंत आला तोच त्याची गाडी हलली, तर भाऊजी खिडकीचा गज धरून चालत गेले आणि पिन कोड पोचवूनच परत आले. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, आमच्याकडे लोणचं पाठवलं तर बरणीवरच्या चिठ्ठीत डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता असतो. अंतर दोन गल्ल्यांचं.

कुरिअरवाल्यांवर त्यांचा राग आहे. पत्ता लिहिलेला असून हे लोक फोन करून पत्ता विचारतात, मग लिवला कायले, असा त्यांचा सवाल असतो. माझ्या मुलानं एकदा त्यांना मोबाइलवर लोकेशन पाठवायला शिकवलं, तर ते बराच वेळ त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "लोकेशन म्हंजे पत्ता नोहे, मास्तर. लोकेशन तं उकिरड्यावरच्या कुत्र्याचंही असते."

अशा माणसानं आयुष्यभराच्या कमाईतून गावाबाहेर प्लॉट पाडलेल्या नव्या लेआऊटमध्ये घर बांधलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वास्तुशांत झाली. दूध उतू घातलं, जेवणाच्या पंगती उठल्या, आणि संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर भाऊजींनी दाराला कुलूप लावलं, ताईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि पुन्हा भाड्याच्या घरी आणून सोडलं. ताई माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, लगन लागलं अन् नवरी माहेरीच राह्यली, तसं झालं माहं. कारण विचारलं की भाऊजी एकच सांगायचे, "टपालाचं जमून नाही राह्यलं."

जमवायची खटपट मात्र जोरात चालू होती. त्यांनी नव्या घराच्या पत्त्यावर स्वतःलाच कार्डं टाकली. एक साधं, एक पिन कोडाशिवाय, एक मुद्दाम लेआऊटचं नाव अर्धवट लिहून. रोज दुपारी उन्हात स्कूटर काढून ते कोणतं कार्ड कधी पोचलं ते बघायला जात. तिकडचा पोस्टमन एकदा फाटकाशीच भेटला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, अक्षर तुमचं, नाव तुमचं, अन् घरात कोनीच नाही. मी हे पत्र देऊ कोनाले?" तेव्हा भाऊजींनी ते त्याच्या हातातून घेतलं, पोच म्हणून त्याला चहा पाजला आणि कामाबद्दल शाबासकी दिली.

जुने घरमालक सरकीचे व्यापारी. सगळं गाव त्यांना हाजीसाब म्हणतं. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं, खोल्या हव्या होत्या, पण इतक्या वर्षांच्या भाडेकरूला निघा कसं म्हणायचं. शेवटी एक दिवस ओट्यावर बसून ते म्हणाले, "साब, मकान आपका बन गया, पूजा हो गई, मिठाई हमने खा ली. अब मेहमानों को कहाँ सुलाऊँ, पोस्ट के डिब्बे में?" भाऊजींनी हात जोडून आषाढापर्यंतची मुदत मागितली. हाजीसाब बिचारे हो म्हणाले. आषाढात असं काय आहे, हे त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

ते मला ताईंनी सांगितलं. भाऊजींना एक थोरली बहीण आहे, आक्का, अमडापूरला दिलेली. आई लवकर गेल्यामुळे भाऊजींना तिनंच वाढवलं. आक्काच्या मुलीच्या लग्नात पत्रिका छापताना काहीतरी घोटाळा झाला आणि मामाचं नाव निमंत्रकांच्या रांगेतून घसरून पार खाली, लग्नाला यायचं हं म्हणणाऱ्या पोरासोरांच्या ओळीत, चिंटू आणि परी यांच्या मधोमध जाऊन बसलं. भाऊजी लग्नाला गेले. भाचीला हाताला धरून मांडवात आणलं, मामाचं म्हणून जे जे असतं ते सगळं केलं, आणि पाण्याचा घोटही न घेता परतीच्या एसटीत बसले. तेव्हापासून बोलणं बंद. त्याला आता एक तप होत आलं. चूक जिच्या पत्रिकेत झाली तिनं आधी बोलावं, हे भाऊजींचं म्हणणं; छापखान्याच्या चुकीपायी थोरलीनं धाकट्यापुढे वाकायचं का, हे आक्काचं. मोबाइल दोघांकडे, नंबर दोघांकडे, एसटी तासाभराची. पण दर श्रावणात आक्काची राखी टपालानं येते, आणि भाऊजी उलट टपाली कार्ड टाकतात, राखी पोचली. वर्षाकाठी एवढीच काय ती बहीणभावांची ये-जा.

आता खरी गोम लक्षात आली. नवा पत्ता बँकेला कळवता येतो, विम्याला कळवता येतो, गॅसवाल्याला कळवता येतो. आक्काला कळवायचा तर आधी आपण बोललो असं होतं. म्हणून पोस्टात अर्ज द्यायचा. अर्ज दिला की जुन्या पत्त्यावरचं टपाल तीन महिने नव्या पत्त्यावर वळवून देतात. राखी तशी वळून आली की पोचेच्या कार्डावर नवा पत्ता आपोआप जातो, आणि आधी बोललो असंही होत नाही. आखाजीला दिला असता तर मुदत राखीच्या तोंडावरच सरली असती. मी म्हटलं, मुदत वाढवून मागा की. भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी लहान मुलासारखं काहीतरी बोललो होतो. "पयला अर्ज मानूस वाचते, मास्तर. दुसरा फाइलले लागते. तीस वर्सं म्या दुसरं काई केलं नाही."

आषाढात पाऊस लागून आमच्याकडची काळी माती पायाला धरून बसते, तेव्हा अखेर मुहूर्त निघाला. भाऊजी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पोस्टात गेले. मी सामान भरलेल्या टेम्पोजवळ भिजत उभा. अर्जावर शिक्का पडायच्या आधी चाक हलता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. बऱ्याच वेळानं फोन आला, "शिक्का पडला. निंघा." निघालो. लेआऊटच्या वळणावर टेम्पो आसापर्यंत रुतला आणि लोखंडी कपाट आम्ही चौघांनी चिखलातून खांद्यावर नेलं. माझ्या कमरेत जी लचक भरली ती अजून आभाळ आलं की कळते. तोवर पोस्टातून येऊन पोचलेले भाऊजी मागून छत्री धरून चालत होते. छत्री माझ्यावर नव्हती, कपाटावर होती.

इथवर सगळं हसण्यासारखं. पण श्रावणाचा पहिला आठवडा सरला आणि राखी आली नाही. दरवर्षी ती पौर्णिमेच्या आठेक दिवस आधी यायची. भाऊजी सकाळी हाजीसाबच्या ओट्यावर आणि दुपारी नव्या घराच्या पायरीवर, असे दोन्ही पत्त्यांवर पहारा देऊ लागले. दोन्ही पोस्टमन त्यांना लांबूनच मान हलवून नाही म्हणत. ताई सांगायच्या, पानातली भाकर तशीच राह्यते. आणि एक दिवस बाजारात भाऊजींच्या जुन्या ओळखीच्या माणसानं विचारलं, कुठं राहायला गेलात. मी सवयीनं पिशवी खाली ठेवली, आता पिन कोडापर्यंत उभं राहावं लागणार म्हणून. भाऊजी म्हणाले, "इथंच, जवळच." आणि पुढे चालू लागले.

ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत शाळेच्या मागच्या अंगणात जाऊन मी आक्काला फोन लावला. उभ्या आयुष्यात मी कुणाच्या भांडणात पडलो नव्हतो. मी कोण ते सांगितलं, राखीचं विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "घर बांधलं म्हनतेत त्यानं. वास्तू केली म्हनतेत. गावाले जेवू घातलं, मले पत्ताही नाही कळोला. मंग म्या म्हनलं, त्याले माही राखी नको असन. आनून ठेवली हाये, तशीच हाये."

वास्तुशांतीची पत्रिकाच छापली नव्हती, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो? नावांच्या रांगेचा भाऊजींनी एवढा धसका घेतला होता की सगळी आमंत्रणं तोंडी दिली, आणि आक्काशी तर तोंडच बंद. तीन महिन्यांचा हिशेब, कार्डांची परीक्षा, शिक्का, चिखल, सगळं जिच्या एका पाकिटासाठी, तिनं ते टाकलंच नव्हतं. मी पत्ता सांगितला, त्यांनी लिहून घेतला. मग त्यांनी विचारलं, त्याचा दुखरा गुडघा कसा हाये. बरा आहे म्हटलं, आणि फोन ठेवला.

राखी आली ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. पौर्णिमेला सकाळीच भाऊजींनी मला बोलावणं धाडलं. जुन्या घरी हाजीसाबची नात ती टपालानं आलेली राखी त्यांना बांधायची. इथं लेआऊटमध्ये अजून शेजार नव्हता, म्हणून मान माझा. भाऊजी डोक्यावर रुमाल घेऊन पाटावर बसले होते, शेजारी पाकीट. मी दोरा मनगटाभोवती घेतला, आणि ते पाकिटाकडे बघत सावकाश म्हणाले, "हे वळोलेलं नाही, मास्तर. वळोलेल्या टपालावर जुना पत्ता राह्यते, त्यावर काट राह्यते. हे सीधं आलं." माझी गाठ काही केल्या बसेना. "तुमी फोन केला तिले."

मी हो म्हटलं. आता पाट सोडून उठतील, उद्यापासून साडूपण संपलं, असं वाटून मी मान खाली घातली. भाऊजी हात पुढे धरून तसेच बसले होते. म्हणाले, "आवाज कसा होता तिचा?"

मी सांगितलं, आवाज बरा होता, जरा बसल्यासारखा. आनखी? गुडघ्याचं विचारलं. आनखी? राखी आणून ठेवली होती म्हणाल्या. आनखी? इन मीन दोन मिनिटांचा फोन, त्यात आणखी होतं काय? पण ते विचारत राहिले आणि मी, घरात कामापुरतं बोलणारा माणूस, तोच फोन पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिलो. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी विचारलं, "हासली का?"

मी म्हटलं, हो.

"कवा?"

"पत्ता सांगताना," मी म्हटलं. "मी तुमच्यासारखा आकड्या-आकड्याला थांबत होतो, म्हणून हसल्या."

भाऊजींचा चेहरा असा उजळला की मला माझीच भीती वाटली. "हासनच ते," ते म्हणाले. "तिनंच तं शिकोला मले पत्ता. लहानपनी मी रोहिणखेडच्या बाजारात हरपलो होतो. तवापासून रोज झोपाच्या पयले घोकून घे. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. हरपला तं रडू नको म्हने, पत्ता सांगजो. अन् मी चुकलो का हासे."

आता भाऊबीजेला अमडापूरला जायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि मलाही सोबत न्यायचं म्हणतात, तिच्यासमोर सांगायला, ती फोनवर कशी हसली ते. रोज ठरवतो, आज खरं सांगून टाकू. रोज ते जाण्याचीच गोष्ट काढतात आणि माझं राहून जातं. म्हणून इथं सांगतो. आक्का हसल्या नव्हत्या. पत्ता लिहून झाल्यावर पलीकडून बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं, तेव्हा नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर त्यांनी गुडघ्याचं विचारलं. हे भाऊजींना सांगायला मला शब्द सापडले नाहीत. म्हणून हसल्या म्हणालो.