रत्नमाला मॅडमचा एकच नियम

रत्नमाला मॅडमबद्दल चांगलं बोलणारं माणूस लाखनीत शोधायला निघालात तर बरंच फिरावं लागेल. पोरांना त्या कधीच आवडल्या नाहीत. बाजारातल्या बायांना त्यांचा आवाज फाटका वाटायचा. आणि आता तर हायवेच्या अलीकडचे लोकही त्यांच्यावर चिडून आहेत आणि पलीकडचेही.

त्या इथल्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत पीटीच्या शिक्षिका. दोन हजार तीनला लागल्या, तेव्हापासून सकाळी शाळेच्या फाटकात गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या. नखं वाढली की परत, रंगीत मोजे दिसले की परत. गळ्यातली माळ शर्टाच्या आत घालायची आणि हातातलं कडं दप्तरात ठेवायचं.

"मॅडम, मन्नतीचं आहे."

"मन्नत घरी ठेव. खेळताना कोणाच्या डोळ्याले लागलं म्हणजे कोण भरून देईल?"

गणवेशावर त्यांचा एवढा जीव का, हे त्यांच्या एकोडी गावच्या लोकांना ठाऊक होतं. बाप तेजराम दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवण्याला जायचा. घर बौद्ध मोहल्ल्यातलं. प्राथमिक शाळेत या मोहल्ल्यातल्या पोरांनी माठातलं पाणी आपल्या हातानं घ्यायचं नाही, हे कोणी सांगत नसे. सगळ्यांना माहीतच असे. पुढं साकोलीच्या हायस्कुलात निळा स्कर्ट आणि पांढरा शर्ट घालून पहिल्यांदा गेल्या, तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलगी सरळ डबा घेऊन जवळ सरकली. शनिवारी साधे कपडे घालून गेल्या, तर तीच मुलगी त्यांच्या विटक्या फ्रॉककडे पाहत म्हणाली, "तू कोणत्या मोहल्ल्यातली गं?" त्या शनिवारनंतर रत्नमालाबाई साध्या कपड्यांत शाळेत गेल्या नाहीत. गणवेश म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कोणाला काही विचारता येऊ नये म्हणून घालायची वस्तू होती. "नियम एकच, सगळ्याले सारखा," हे त्या इतक्या वेळा म्हणत की पोरं त्यांची नक्कल करायची.

नाझनीन सहावीत आली तेव्हा हा नियम पहिल्यांदा जरा अडला. तिचा बाप बशीर हायवेला ट्रकांचे टायर काढण्या-बसवण्याचं काम करायचा. मुलींच्या गणवेशात पांढरी ओढणी होती. बाकीच्या मुली ती खांद्यावर पिन लावून घेत, नाझनीननं डोक्यावरून घेतली. मॅडमनी तिला थांबवलं, ओढणीचं टोक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "शाळेचीच ओढणी आहे ना? मंग खांद्यावर घे का डोक्यावर घे. खेळताना घट्ट बांध, बस." त्यानंतर या विषयावर कोणी बोललं नाही. नाझनीन खो-खोत तालुक्याला खेळून आली. आठवी आणि अर्धी नववी कोरोनात मोबाईलवर गेली.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत शाळा पुन्हा भरली. पोरं वाढली होती, पँटी घोट्याच्या वर गेल्या होत्या, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. आणि फेब्रुवारीत टीव्हीवर कर्नाटकातल्या कॉलेजांमधल्या हिजाबचा वाद सुरू झाला. दिवसभर तेच. ज्यांनी नाझनीनला दोन वर्षं रोज पाहिलं होतं, त्यांना ती आता दिसायला लागली.

एका सोमवारी दहावीची वीसेक पोरं गळ्यात भगवे दुपट्टे घालून फाटकात आली. पुढं कमलेशभाऊंचा पुतण्या. कमलेशभाऊ संस्थेचे सचिव, राइस मिलचे मालक. त्यांच्या होकाराशिवाय शाळेत खिळासुद्धा ठोकला जात नव्हता.

"दुपट्टे काढा," मॅडम म्हणाल्या.

"पहिले तिची उतरवा. मंग आमचे काढतो."

"तिची ओढणी गणवेशात आहे. तुमचे दुपट्टे कोणत्या गणवेशात आहेत?"

"मॅडम, तुम्हीच म्हणता ना, सगळ्याले सारखा नियम?"

पोरं हसली. मॅडमनी फाटक ओढून घेतलं आणि त्यांना बाहेर ठेवलं. दहा मिनिटांत पोरांचे बाप आले, मागून मोटरसायकलींवर काही असे आले ज्यांचं एकही लेकरू या शाळेत नव्हतं. फाटक हलायला लागलं. मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी मॅडमना आत बोलावलं. पुंडलिकरावांची पेन्शन जवळ आली होती आणि त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. कमलेशभाऊ आधीच खुर्चीत बसले होते.

"मॅडम, हे तुमच्या लोकांचं काम नाही," कमलेशभाऊ शांतपणे म्हणाले. "तुम्ही मधात कायले पडून राहिल्या?"

"माझे लोक म्हणजे कोण, भाऊ?"

"समजते तुमाले."

"समजते. म्हणूनच विचारून राहिली."

पुंडलिकराव हात जोडून मध्ये आले. "रत्नमालाताई, आजचा दिवस निभवा. पोरीनं एक तास ओढणी खांद्यावर घेतली तर का बिघडते? ते दुपट्टे काढतील, गर्दी जाईल. उद्यापासून तुमचा नियम तुम्ही चालवा. मी जबान देतो."

बाहेर कोणीतरी दगड मारला. पत्र्यावर आवाज झाला आणि वरच्या वर्गातल्या मुली किंचाळल्या. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. सगळ्याले सारखा. हे त्यांचेच शब्द होते, आणि या क्षणी त्यांना त्या शब्दांची चीड आली. तरी त्या उठल्या. उद्यापासून आपण बघून घेऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

नववीच्या वर्गात नाझनीन तिसऱ्या बाकावर होती. मॅडम दारात दिसल्या तशी ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला सगळ्या वर्गानं पाहिला.

"बेटा, ओढणी जराशी खाली घे," मॅडम म्हणाल्या. "आजचा दिवस."

नाझनीननं एकदाच विचारलं, "काहून मॅडम?"

मुलीनं दोन्ही हातांनी ओढणी डोक्यावरून काढली आणि खांद्यावर ठेवली. त्याच क्षणी मागच्या दारातून टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. पोरं आत घुसली होती. दुपट्टे काढायचं कोणाच्या मनातही नव्हतं. ते त्यांनी हातात घेऊन फिरवायला सुरुवात केली. कमलेशभाऊंच्या पुतण्यानं मोबाईल थेट नाझनीनच्या तोंडापुढं धरला. "मास्क पण काढ," तो म्हणाला. स्वतःचा मास्क त्यानं हनुवटीवर ओढला होता.

मॅडमनी त्याच्या कानाखाली अशी लगावली की मोबाईल बाकाखाली जाऊन पडला.

दुपारपर्यंत मागच्या दारातून कोणीतरी काढलेला व्हिडिओ तालुकाभर फिरला. कापलेला. त्यात ओढणी काढणारी मुलगी होती, टाळ्या होत्या, आणि थप्पड मारणारी बाई होती. मधलं काही नव्हतं. पुंडलिकरावांच्या जबानीचं पुढं कोणी नाव काढलं नाही, त्यांनी स्वतः तर नाहीच. मॅडमना विद्यार्थ्याला मारहाण केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. पोरांना काहीही झालं नाही. उलट पालकसभेत त्या पोराची आई रडली आणि चार बायांनी तिला पाणी आणून दिलं.

नाझनीन दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मॅडम बशीरच्या घरी गेल्या. घर दुकानाच्या मागंच होतं. नाझनीनच्या आईनं दार अर्धंच उघडलं.

"पोरीले पाठवा," मॅडम म्हणाल्या. "मी आहे."

"आप थीं तभी तो हुआ," ती म्हणाली. "लड़कों के कहने से मेरी बेटी नहीं उतारती. आप के कहने से उतारी."

दार लागलं.

बाजारात चंद्रकांताबाईंचं किराणा दुकान होतं. पंधरा वर्षं मॅडम तिथून सामान घेत, चंद्रकांताबाई त्यांच्यासाठी काउंटरवर चहा मागवत. आता त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्या दुकानात बसत नका जाऊ. गिऱ्हाईक बोलते." मॅडमनी पिशवी उचलली आणि त्या घरी आल्या.

लाखनीतल्या त्यांच्या बौद्ध मोहल्ल्यात मात्र त्यांचं कौतुक सुरू होतं. भाऊ विनोद पोरांना सांगत फिरायचा, आपल्या ताईनं सचिवाच्या पुतण्याले हाणली. हे कौतुक चौदा एप्रिलपर्यंत टिकलं. त्या सकाळी विनोद तीस-चाळीस पोरं घेऊन शाळेच्या जयंती कार्यक्रमाला आला. सगळ्यांच्या गळ्यात निळे दुपट्टे. त्यातली पंधरा पोरं शाळेचीच.

"शाळेच्या पोरांनी दुपट्टे काढून आत यावं," मॅडम म्हणाल्या.

विनोदला वाटलं बहीण गंमत करते आहे. "ताई, आज?"

"आजही."

"त्यांचे दुपट्टे शाळेत फिरले, तुले काही करता नाही आलं. आता बाबासाहेबांचा रंग खुपला?"

"मले रंग नाही खुपत, विनोद. शाळेत यायचं तर गणवेशात या."

"त्या पोरीची ओढणी गणवेशातच होती," विनोद सगळ्यांदेखत म्हणाला. "ती कोणी उतरवली?"

मॅडम बाजूला झाल्या नाहीत. पोरांनी दुपट्टे काढले नाहीत. कार्यक्रम मैदानाबाहेर रस्त्यावर झाला, आणि संध्याकाळी मोहल्ल्याच्या बैठकीत ठरलं की रत्नमालाताईला विहारातल्या कामात बोलवायचं नाही. आई वच्छला तेव्हा एकोडीहून आली होती. ती लेकीला म्हणाली, "दोन्हीकून मार खाऊन राहिली तू. कोणाची तरी एकाची हो." मॅडम म्हणाल्या, "होता येत असतं तर झाली असती, माय."

पुंडलिकराव निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेनं खुर्ची मॅडमची होती. संस्थेनं त्यांच्याहून आठ वर्षं कनिष्ठ असलेल्या सरांना बसवलं. मॅडम शिक्षणाधिकाऱ्यांकडे भांडल्या. भंडाऱ्याच्या चकरा दोन वर्षं चालल्या. शेवटी निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि त्या मुख्याध्यापिका झाल्या. संस्थेकडून कोणी शाल-श्रीफळ घेऊन आलं नाही. कमलेशभाऊंनी स्टाफसमोर एवढंच म्हटलं, "कायद्यानं आल्या, कायद्यानं राहा."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी गणवेशाचा नियम फलकावर लावला. ओढणी खांद्यावर किंवा डोक्यावर, मुलीच्या मर्जीनं. कोणत्याही रंगाचा दुपट्टा किंवा गमछा शाळेत चालणार नाही. काही पालकांनी पोरांचे दाखले काढून नेले. मॅडमनी दाखल्यांवर सह्या केल्या.

मग त्या बशीरकडे गेल्या. नाझनीनची धाकटी बहीण शिफा पाचवीत जाणार होती. नाझनीन सुट्टीत घरी आलेली होती. त्या फेब्रुवारीनंतर ती भंडाऱ्याला मावशीकडे राहून शिकली, दहावी झाली, आता सायन्सला होती. तिनंच खुर्ची आणून दिली, पाणी दिलं.

"आता शाळा माझ्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या. "शिफाच्या केसाले कोणी हात लावणार नाही."

आईनं नाझनीनकडे पाहिलं. नाझनीन बोलली.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही वर्गात आल्या तवा मले वाटलं, तुम्ही त्याइले हाकलाले आल्या."

मॅडमनी पेला खाली ठेवला. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण नाझनीन आईकडे वळली होती. "अम्मी, शिफा को वहाँ मत डालना," ती म्हणाली आणि आत गेली.

मॅडम गाडीपाशी आल्या. बशीर हात पुसत मागं आला. "मॅडम, बुरा मत मानना. बच्ची है."

"बुरा नाही मानत, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तिनं बरोबर सांगितलं."

शिफाचं नाव जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पडलं. बशीर आजही रस्त्यात दिसला की सलाम करतो. त्याची बायको तोंड फिरवते, आणि मॅडम तिच्याकडे पाहूनच पुढं जातात.