घरीच असते

मुंबईच्या एका संशोधक सरांनी अठ्ठ्याण्णव साली शहापूर-मुरबाडच्या बायका काय काम करतात याची पाहणी काढली, तेव्हा शेणव्याच्या संध्याला त्यात नोकरी लागली. दारोदार जाऊन प्रश्न विचारायचे. बायका हमखास म्हणायच्या, "काय नाय करत, घरीच असते," आणि संध्या खोदून खोदून त्यांचं काम बाहेर काढायची. फक्त सरांचं गणित तिच्या डोक्यावरून जायचं. सासू असलेल्या घरातली सून बाहेर कामाला जास्त जाते, असं ते म्हणत. पण सासू आहे म्हणून सून जाते, की सून जाते म्हणून सासू अडकून पडते? यावर सरही डोकं खाजवत.

नेमकं पाहणीत तिचंच घर निघालं. आपलं घर आपण विचारायचं नाही, असा नियम; म्हणून खर्डीची नम्रता आली. संध्या चुलीपाशी कान देऊन बसली. तिला आता पाहणीच्याच कामाला रोज मुरबाडला बोलावत होते. जावं की नको? सासूनं, येसूबाईनं, नोकरीला कधी नाव ठेवलं नव्हतं, पण कौतुकाचा शब्दही काढला नव्हता. तो आज निघाला तर जायचं, असं संध्यानं मनाशी ठरवलं होतं.

"आजी, सून काय करते?"

"काय नाय करत गो. घरीच असते."

एवढं सांगून येसूबाईनं नातवाला कडेवर घेतलं, इरलं उचललं आणि ती शेजारच्या ठमीच्या आवणीला निघून गेली. एकमेकींच्या शेतात भात लावायला घरटी एक बाई द्यायची, हा गावचा रिवाज.

संध्या फणफणत बाहेर आली. "खोड ते! नोकरी करते, असं लिही."

नम्रतानं निमूट लिहिलं. "आणि सासूबाई?"

"त्या काय, घरीच असतात."

नम्रता समोर बघत राहिली. ओट्यावरून ठमीचं शेत दिसत होतं. वाकलेल्या बायकांत येसूबाई होती, आणि ती पाळी खरं तर संध्याची होती. संध्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मघाचा रागही काही जाईना.

संध्याकाळी येसूबाई पायांचा चिखल धूत होती. संध्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आई, मुरबाडला रोज बोलावतायत."

"मंग जा की."

"पण पोर, आवणी..."

"मी हाय ना," येसूबाई म्हणाली. "मी काय, घरीच असते."