शकचाचा आणि चौथं बोट

"मला शक हाय," असं चाचा धडा सुरू व्हायच्या आधीच म्हणत. कशावर, ते मग शोधत. म्हणून आम्ही शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव शकचाचा ठेवलं होतं. ते मूळचे उरणचे. उमेदीची वर्षं आखातातल्या एका हॉटेलात पियानो वाजवण्यात गेली आणि म्हातारपणी पनवेलच्या दोन खोल्यांत एक जुना पियानो घेऊन बसले. दूध चांगलं आलं तरी दूधवाल्याला उभं करून विचारायचे, "आज का चांगलं दिलंस?"

मी त्यांच्याकडे गेले ते चाळिशी उलटल्यावर, एका हट्टापायी. युरोपातल्या जुन्या काळातला एक अवघड अभ्यासतुकडा मला मरण्याआधी धड वाजवायचा होता. त्यात उजव्या हाताची शेवटची तीन बोटं, म्हणजे हातातली सगळ्यात दुबळी मंडळी, लगतचे सूर घेत सारखी पळतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वाऱ्याची झुळूक गेली. वाजवणाऱ्याचा कोपरापर्यंत जीव जातो.

चाचा ऐकताना हाताकडे बघत नसत. पाठ करून खिडकीशी उभे राहत. "डोळा रिश्वत खातो, बाय. कान नाय खात." पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा सूर चौथ्या बोटाने घे." मी घेतला. "करंगळी लावलीस. पेटी शिकलीस काय?" मी गारच झाले. लहानपणी आमच्या पेटीच्या बाई बोटं तर्जनीपासून मोजायच्या. अंगठा त्यांच्या हिशेबात नव्हताच. पियानोत अंगठा पहिला, म्हणून चौथी अनामिका. त्या दिवसापासून मी 'पेटीवाली' झाले.

पायाने दाबून सूर लांबवणाऱ्या पेडलवर तर त्यांचा भारी राग. "पेडल म्हणजे पडदा. घरात पसारा असला की लोक ओढतात." त्यामुळे पाय खुर्चीखाली घेऊन बसायचं. नुसती वरची, त्या तीन बोटांची ओळ, तीही गोगलगायीच्या चालीने. मग लंगडत: एक सूर लांब, एक आखूड, नंतर उलट. मनगट दुखलं की ताबडतोब उठायचं. "दुखऱ्या हाताचा रियाज खोटा," म्हणत आणि स्वतः चहा टाकायला जात.

एकदा मी खुशीत म्हटलं, "चाचा, आता हात बसला!"

"बसला म्हणजे झोपला," ते म्हणाले. "मधल्या ओळीपासून सुरू कर बघू."

मला सुरूच करता येईना. इतकी चिडले की काय सांगू! पण हा रोग लागणारा असतो. मलाही शक येऊ लागला. हे स्वतः कधी पियानोला हात का लावत नाहीत? यांना तरी येतो का हा तुकडा?

एका सकाळी लवकर गेले, तर जिन्यातच ऐकू आला. तोच तुकडा, लंगडत, नुसती वरची ओळ. कोणीतरी नवशिका धरला असेल, म्हणून दार ढकललं. आत एकटे चाचा.

"कोण वाजवत होतं?"

"मीच. अजून शिकतोय." आणि शरमून चहा टाकायला गेले.

पुढे गुडघे थकले, तेव्हा मुलाने त्यांना मस्कतला नेलं. निघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, "रडू नको, मला शक येतो." ते तिकडे गेल्यावरही मी रियाज चालू ठेवला आणि एके दिवशी तुकडा पुरा, वेगात, पेडलशिवाय फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. लगेच फोन आला.

"हे कोणाचं उचललंस?"

"चाचा, मीच वाजवलंय!"

"मला शक हाय. थांब." त्यांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्या ओळीत कुठेतरी हुंकारले. "हां. इथे चौथ्याच्या जागी करंगळी आली. पेटीवाली, तूच." मग म्हणाले, "माशाल्ला, बाय. आता तेवढं काढ."

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचा तिकडेच वारले.

ती करंगळी काढायला मला फार वेळ लागला. आता तो सूर अनामिकेवरच पडतो. तुकडा स्वच्छ वाजतो, शेजारचे वाहवा करतात, पण मी मीच आहे, असं ऐकून सांगणारं कोणी उरलं नाही.