कोंडूभाऊंच्या हातगाडीचा आकडा

कोंडूभाऊ आमच्या कामतघरच्या चाळीत माझ्या भिंतीपलीकडे राहायचे. मी कमळा, त्यांची शेजारीण. सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, सूत गुंडाळलेले भलेमोठे रूळ, म्हणजे बीम, हातगाडीवर घालून कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांत पोचवायचे, हे त्यांचं जन्माचं काम. बायको लवकर गेली. मुलगी संघरत्ना, तिला मात्र त्यांनी या हातगाडीच्या जोरावर इंजिनियर केली.

ती पुढचं शिकत होती तेव्हा, दोन हजार सहाच्या सुमाराला, तिच्या सरांकडे महापालिकेकडून आमच्या नाक्यावरच्या ट्रॅफिकचं काम आलं आणि गणित तिच्या गळ्यात पडलं. "रस्त्याचं कसलं डोंबलाचं गणित?" मी म्हटलं. तिने समजावलं. नाक्यावरून काय काय जातं ते मोजायचं, प्रत्येकाला आकडा द्यायचा, मग कॉम्प्युटरवर तोच रस्ता चालवून बघायचा, काय काढलं तर कोंडी सुटते ते. मोटारीला एक. हातगाडीला तीन, कारण ती हळू चालते, मागच्यांना अडवते.

कोंडूभाऊंनी तेवढंच ऐकलं. "म्हंजे मी तीन मोटारींच्या बरोबरीचा हाय!" चाळभर सांगत सुटले. मी म्हटलं, मग आता हॉर्न बसवून घ्या.

मोजणीच्या दिवशी संघरत्ना पलीकडच्या चौकात होती. आमच्या नाक्यावर कॉलेजची दुसरी मुलं बसली होती. कोंडूभाऊंनी काय करावं? पार शेलार गावापासूनचे गाडीवाले गोळा केले! "पोरगी मोजतेय, आपली मान्सं कागदावर आली पायजेत." इस्त्रीचे शर्ट घालून मतदानाला निघाल्यासारखे निघाले सगळे. नाक्यावरून जायचे, मागच्या गल्लीतून वळायचे, पुन्हा नाक्यावर हजर. मुलं बिचारी इमानदारीत प्रत्येक फेरी लिहीत होती. मी दारातून बघत हसून हसून बेजार झाले.

कॉम्प्युटरने सांगितलं, हातगाड्या काढा, नाका मोकळा होईल.

संघरत्नाला रडू आवरेना. "बाबा, तुमचंच काम जाईल. हे मी सरांना कसं देऊ?" कोंडूभाऊंचा चेहरा पडला. आपल्याच फेऱ्यांनी हातगाड्यांचा आकडा फुगला, हे त्यांना उमगलं होतं, मलाही उमगलं. पण तिची परीक्षा तोंडावर आलेली, पुन्हा मोजायला वेळ कुठला? "आलंय ते दे," एवढंच म्हणाले. मला इतका राग आला त्यांचा, काय सांगू!

बंदी आली. बीम टेम्पोतून जायला लागले. ज्यांना हौसेने बोलावलं होतं ते गाडीवाले कोंडूभाऊंशी बोलेनासे झाले, आणि ते बाकड्यावर बसून राहायचे. बरं, नाका सुटला का? अजिबात नाही, तस्साच तुंबलेला! लोक येता-जाता टोमणे मारायचे, कोंडूच्या पोरीचं गणित नापास. ती रोज ते गणित उलटसुलट तपासायची, चूक सापडायची नाही. जेवण सुटलं तिचं. शेवटी एका दुपारी कोंडूभाऊंनी तोंड उघडलं.

"तुझी चूक न्हाय. गाड्या आमी फिरवल्या."

"पण का, बाबा?"

"मोजनीत आमी दिसावं म्हनून."

ती ओरडली नाही. त्यांचा हात तेवढा धरला. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून आली. साहेब भला माणूस, म्हणाला, पुन्हा मोजू. पुन्हा मुलं बसली. पण बंदी होतीच ना! हातगाडी येणार कुठून? साहेबांनी मोजणी बघितली आणि म्हणाले, जी गाडी रस्त्यावर नाहीच, तिच्यासाठी बंदी उठवू कशी? त्यांच्यापुढे बोलून बोलून संघरत्नाचा घसा बसला, पण काही उपयोग झाला नाही.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. कोंडूभाऊंनी विचारलं, "हातगाडीम्होरं काय लिवलंय?"

"शून्य, बाबा."

 तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "रडू नको. या टायमाला मोजनी बरोबर हाय."