चिनी गोऱ्ह्याची खांदशेकणी

गजानन गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून बैठकीतल्या पंख्याचा नट आवळत होतो. फोन त्याच्या मुलीचा होता, अमरावतीहून. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो... खरंच "बरं" म्हणालो. फोन खिशात टाकला आणि तो नट आणखी दोन वेढे आवळला. बायको खालून सांगत होती, पुरे झालं, उतरा आता. मला उतरायचं नव्हतं. खाली उतरलो की गजानन गेलेला असणार होता. आवळत राहणं हा माझा जुना दोष आहे. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण मी लावलं की दुसऱ्या कोणाला उघडत नाही. या दोषाचा सगळ्यात मोठा भुर्दंड गजाननने सोसला, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तो पातूर भागात पशुधन पर्यवेक्षक होता, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत ढोरांचा डाक्टर. मी तिथल्याच घाटातल्या एका गावी शाळेत मास्तर. सकाळी तो मला मागे बसवून शाळेत सोडायचा आणि पुढे कुठल्या तरी अडलेल्या म्हशीकडे निघून जायचा. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याने अमरावतीहून एक गाडी आणली. चीनमध्ये बनलेली, डांबरी रस्त्यावर आणि दगड-नाल्यांतून सारखीच जाणारी, उंच, सडपातळ, पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर. तशाच दुसऱ्या गाड्यांच्या निम्म्या किमतीत मिळाली म्हणून स्वारी खुशीत होती. मी म्हटलं, "गजू, चायना माल आहे. चले तो चांद तक, नहीं तो शाम तक." तो म्हणाला, "मंग शामले मी आहोच ना घरी." दोन वर्षांत ते शोरूम बंद पडलं आणि तिथे फरसाणाचं दुकान आलं. गजानन सुटे भाग आणायला गेला होता, तो पाव किलो शेव घेऊन परतला. पुडी माझ्या हातात देत म्हणाला, "घे मास्तर, येवढेच स्पेअर पार्ट भेटले."

दुसरा कोणी असता तर त्याने गाडी मिळेल त्या भावाला फुंकून टाकली असती. गजाननला मात्र तिचा खरा लळा तेव्हापासूनच लागला. वाली नसलेलं जनावर दारात आलं की त्याचं असंच व्हायचं. गाडीसोबत आलेलं पुस्तक चिनीत होतं, ते तो चित्रकथेसारखं चाळायचा. मिस्त्रीकडे सहसा जायचा नाही, कारण मिस्त्री गाडी बघूनच हात जोडायचे. त्याची हत्यारं म्हणजे त्याच्या दवाखान्यातलीच. इंजिन खडखडलं की तो कानाला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटायचा आणि "टॅपेट सैल झाला" असं निदान करायचा. पुढच्या ब्रेकमध्ये हवा शिरली की बैलाला टोचायच्या मोठ्या सिरिंजने खालून तेल भरून ती बाहेर काढायचा. जनावरांचे खूर घासायच्या कानशीने त्याने मागच्या कॅरिअरचे कोपरे गोल केले आणि त्यावर लशीची बर्फपेटी बसवली. घाट चढताना दम लागू नये म्हणून मागचं दातेरी चक्र मोठं केलं. दगड लागून इंजिन फुटू नये म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या मडगार्डचा पत्रा वाकवून खालून चिलखत चढवलं. काम संपलं की इंजिनखाली एक पुठ्ठा सारायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पडलेले थेंब निरखत बसायचा. शेण पाहून जनावराचं पोट ओळखणाऱ्या माणसाला तेलाचे डाग वाचणं काय जड... पुठ्ठा कोरडा असला की त्या दिवशी तो चहा दोनदा मागायचा.

एकदा आम्ही घाटातल्या एका पाड्यावरून परतत होतो. म्हशीच्या पोटात वासरू आडवं आलं होतं, ते सुखरूप काढून दोघंही रक्तामातीने बरबटलेले. अर्ध्या वाटेत क्लचची केबल तुटली. गजाननने खाली वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "मास्तर, ढकल, आन चालू झाली का उडी मारून बस." पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी तो प्रकार सहा वेळा केला. पाचव्या वेळी माझी चप्पल मागे राहिली, ती आणायला तो काही थांबला नाही. "थांबलो तं अजून ढकला लागीन तुले," असं ओरडून सांगितलं, आणि ते खरंच होतं. गावात आल्यावर त्याने दूधवाल्याच्या गाडीची केबल लावून पाहिली. ती दोन बोटं लांब भरत होती, पण चालली. पुढे कायम तीच चालली. मी पंधरा दिवस कंबर धरून शिकवत होतो आणि तो भेटेल त्याला सांगत होता की, आमचे मास्तर म्हणजे गाडीचा सेल्फ स्टार्टर.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद लावून ते शेकायचे आणि बैलाला निमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गजाननच्या घरी बैल नव्हता. पण वर्षभर ओझं कोणी वाहिलं, असा त्याचा सवाल होता. म्हणून गाडीची वर्षाची मोठी सर्व्हिसिंग तो त्याच दिवशी करायचा. सगळं झालं की शोभावहिनी हळद-लोण्याची वाटी आणायच्या, तो हँडलच्या दोन्ही बाजूंना बोट लावायचा आणि गाडीच्या टाकीवर थाप मारून तेच आवतन द्यायचा. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या रांगेच्या शेवटी ही गाडी उभी असायची, गळ्यात घुंगरमाळ घालून. पहिल्या वर्षी गाव हसलं. मग 'डाक्टरचा चिनी गोऱ्हा' आला नाही तर लोक विचारू लागले.

अशाच एका खांदशेकणीला मी घात केला. जुनं तेल काढून झालं होतं, इंजिनच्या तळाचा नट परत बसवायचा होता. मी हट्टाने पाना घेतला. गजानन म्हणाला, "हलक्या हातानं, ॲल्युमिनिअम हाय." मी म्हटलं, कळतं मला. नट बसला, मी अजून एक वेढा दिला, मग खात्रीसाठी आणखी एक... आणि पाना अचानक हलका झाला. आतले आटे गेले होते. गजाननने बोट लावून पाहिलं आणि जनावर दगावल्यावर मालकाला सांगायचा त्याच आवाजात म्हणाला, "गेले." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पोळ्याला चिनी गोऱ्हा रांगेत नव्हता. इंजिन उतरवून अकोल्याला लेथवाल्याकडे नेलं, पितळी बुश बसवून नवे आटे पाडेपर्यंत आठ दिवस गेले. तेवढे दिवस गजानन बर्फपेटी डोक्यावर घेऊन घाटातली गावं पायी करत होता. कोणी विचारलं तर सांगायचा, "माह्याच हातानं झालं." माझं नाव त्याने वहिनींनाही सांगितलं नाही. पण त्यानंतर माझ्या हातात पाना कधी दिला नाही. माझ्याकडे फक्त बॅटरी धरायचं आणि नटांची वाटी सांभाळायचं काम उरलं. मी हसून चालवून न्यायचो, पण मला ते लागलं होतं. फार लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं. त्याच दिवसांत त्याने एक नवाच उद्योग काढला. गुरांच्या कानात मारतात ते पिवळे बिल्ले, जुने, टाकाऊ, त्याच्याकडे डबाभर होते. ते तो गाडीच्या वायरींना, केबलींना तारेने बांधू लागला आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला मार्करने काहीबाही लिहू लागला. मी चिडवलं, "काय डॉक्टर, विसरायला होतं का आता?" तो मान न वर करता म्हणाला, "हाव ना. वय झालं." मला तेवढं उत्तर पुरलं.

मुलीने त्याला उपचारासाठी अमरावतीला नेलं. शेवटची भेट तिथेच, तिच्या घरी झाली. पाणी पिऊन झाल्यावर मी बाटलीचं झाकण लावलं. त्याने ती हातात घेतली, झाकण फिरवून पाहिलं, हललं नाही. मुलीकडे दिली, तिलाही जमेना. तो खुदकन हसला. "अजून तसाच हायेस बे मास्तर," म्हणाला, आणि बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं, थकला असेल.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी शोभावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग त्यांनी सांगितलं की भंगारवाला दोनदा येऊन गेला. मुलगी म्हणते, देऊन टाक आई, कोण चालवणार. "मी त्याले म्हटलं पोळ्यापर्यंत थांब. चालू झाली तं राहू देते. नाई झाली तं..." निवृत्तीनंतर मी अकोल्याला राहायला आलो होतो, तिथून पातूरची एसटी धरली. वाटेत एकच विचार. इतकी वर्षं मी नुसती बॅटरी धरली होती. नट आवळणं, येत होतं ते हे एकच काम, आणि तेच मी बिघडवलं होतं.

अंगणात गाडी धुळीने भरून उभी होती. मी सीट काढली आणि पिवळे बिल्ले लटकलेले दिसले. एकावर लिहिलं होतं, 'क्लच. दूधवाल्याची केबल घेजो, दोन बोटं जास्त भरते.' दुसऱ्यावर, 'हा फ्यूज जळला तं पान टपरीवर सिगरेटची चांदी मागू नको, नवा टाक.' तिसऱ्यावर, 'टॅपेट. कानाले लाव, घाबरू नको,' आणि स्टेथोस्कोप टूलबॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेला. मी वाचत गेलो आणि मग थांबलो. गजाननला डोळे मिटून ही गाडी उघडता-लावता येत होती. त्याला बिल्ल्यांची गरज कधीच नव्हती. मी तिथेच अंगणात मांडी घालून बसलो आणि पोटभर रडलो. वहिनी चहा घेऊन आल्या, ठेवून आत गेल्या.

दुपारपर्यंत प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर झालं. शेवटी तेल. खालचा पत्रा उतरवला, जुनं तेल काढलं, नट पुसून त्या पितळी बुशात हाताने बसवला. मग पाना लावला. एक वेढा... आणि मान तिरकी केली तेव्हा पत्र्याच्या मागे, चौकटीच्या नळीला बांधलेला शेवटचा बिल्ला दिसला. पत्रा काढून खाली आडवं झाल्याशिवाय तो कोणाला दिसलाच नसता. त्यावर चारच शब्द होते, 'मास्तर, अठी बस कर.'

मी तिथेच हात काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा खात्री न करता हात काढून घेतला.

नवं तेल भरलं. गाडी अकराव्या किकला सुरू झाली आणि वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हँडलला हळद-लोणी मी लावलं, आवतन त्यांनी दिलं. संध्याकाळी निघण्याआधी मी इंजिनखाली पुठ्ठा सारून ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवायला पोचलो तर वहिनी अंगणात गाडीपाशीच होत्या, मी येईपर्यंत पुठ्ठ्याला हात लावला नव्हता. त्यांनी तो ओढून काढला, उजेडात धरला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"कोरडा हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या, "चहा दोनदा मांडते."